उपासाच्या दिवसाची गोळी

आज येळवस. अख्खं गाव रिकामं आहे.

बाहेरच्या माणसाला याची कल्पना यायची नाही, म्हणून सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या आली की आमच्या लोहाऱ्याकडं घरात कुणी थांबत नाही. दारांना कड्या घालून माणसं रानात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, आंबिल, भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी असा नैवेद्य दाखवायचा आणि मग बांधाबांधावरनं हाका मारून एकमेकांना जेवू घालायचं. दिवस मावळेपर्यंत गावात राहतात ती कुत्री. तीही निम्मी माणसांच्या मागं गेलेली असतात.

आणि मी ओसरीवर बसलेय. आमचं गाव भूकंपानंतर नव्यानं बांधलेलं, रस्ते रुंद आणि सरळ. या टोकाला बसलं की त्या टोकाची पाण्याची टाकी दिसते. मधे माणूस नाही. कुणाच्या पत्र्यावर चिमणी उतरली तरी ऐकू येतं. लग्न होऊन आल्यापासनं येळवशीला घरी बसायची ही माझी पहिली वेळ. आजारी नाही, सुतक नाही. का बसले ते सांगते, पण त्याला आधी आक्कांचं सांगावं लागतं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमची दोघींची घरं एकाला एक लागून, मधे एक भिंत. आता त्या भिंतीपलीकडं त्यांचा मुलगा बळीराम आणि सून सुनीता राहतात. आंबिलाचं पीठ ताकात भिजवलं की त्याचा आंबूस वास, वरनं ठेचलेल्या लसणाचा, भिंत ओलांडून माझ्याकडं येतो. काल संध्याकाळी आला. तो वास आला की मला नऊ वर्षांपूर्वीची थंडी आठवते. आठवते म्हणणंही चूक आहे. ती गेलीच नाही कुठं. कपाटातल्या स्वेटरसारखी दरवर्षी घडी मोडून समोर येते.

आमच्या घराची एक रीत आहे. आंबिलाची बिंदगी, म्हणजे ते अरुंद तोंडाचं मातीचं भांडं, रानात नेण्याचा मान पाळी गेलेल्या बाईचा. दुसऱ्यांच्यात कुणीही नेतं, गडीमाणसं नेतात, मोटारसायकलला किटली अडकवून नेतात. आमच्यात तसं चालत नाही. तरण्या बाईचा विटाळ कधी येईल त्याचा नेम नाही म्हणून तिनं शिवायचं नाही. आणि जी उचलणार तिनं आदल्या सांजेपासनं उपाशी राहायचं. रानात नैवेद्य होईस्तोवर पाण्याचा घोटसुद्धा नाही.

आक्कांची पाळी गेली ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. चुलीपुढं बसून मला म्हणाल्या, "सुटले गं धाकटे. आता देवाच्या कामाला मोकळी झाले." किती हसल्या होत्या! पंचवीस-तीस वर्षं महिन्यातले चार दिवस कोपऱ्यात बसलेली बाई ती. त्या हिवाळ्यात सगळं गाव शेकोटीला चिकटलेलं असायचं आणि आक्का वाकळ भिरकावून द्यायच्या. कपाळावर घाम. "अंगातनं वाफा निघत्यात. माझ्या पाठीवर भाकर थाप, भाजून निघंल," म्हणायच्या. आम्ही हसायचो. अंगाला काहीतरी सांगायचं असतं तेव्हा आम्ही बायका आधी हसतो.

त्याच साली सुनीता सून होऊन आली आणि आक्कांना ओसरीवर बाज मिळाली. नायलॉनच्या पट्टीची नवीकोरी. "आता बसा," सगळे म्हणाले. मी पण म्हणाले. आमच्याकडं बाईला मान देतात म्हणजे बसवतात. ज्या बाईनं जन्मभर करडईचे काटे हातानं काढले, ज्वारीच्या पाती धरून सबंध पट्टा एका दमात कापत नेला, विहिरीवरनं दोन दोन घागरी आणल्या, तिला एका दिवसात बसवलं. तिलाही ते गोड लागलं. का लागू नये? बाजेवर बसून ती शेंगा फोडायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची. देवळापर्यंत जायचं तर बळीराम गाडीवर सोडायचा. बघता बघता पोट सुटलं, पाय सुजायला लागले. लोक म्हणायचे, बाईचं अंग भरलंय, सुखात आहे.

आणि उपास. मंगळवार आई भवानीचा, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी. विटाळाची अडचण गेल्यावर एकही मोडायचा नाही, असं आक्कांनी मनाशी धरलेलं. उपास म्हणजे तरी काय, शाबूची खिचडी तेलाच्या आणि कुटाच्या राबड्यात, तळलेल्या बटाट्याच्या सळ्या. बाकीच्या दिवशी आमचं बायकांचं जेवण तुम्हाला ठाऊक आहेच. भाजी गड्यांना आणि पोरांना. आम्ही तव्यात भाकरी फिरवून तळाचा रस्सा पुसून घ्यायचा, नाहीतर ठेचा, नाहीतर लोणच्याचा खार आणि वरनं मीठ. आक्कांना भाकरीवर मीठ टाकून खायची सवय होती. खडेमीठ दाताखाली वाजायचं त्यांच्या.

बीपी निघालं ते पुढं बऱ्याच वर्षांनी, गावात आशाताई यंत्र घेऊन आल्या तेव्हा. मग ग्रामीण रुग्णालयात गेलो दोघी. तिथल्या डॉक्टरनं माझ्यादेखत सांगितलं, "रोज सकाळी एक गोळी. एक दिवससुद्धा चुकवायची नाही." आक्कांना अक्षर येत नव्हतं. मला येतं. बळीराम पहिलीला होता तेव्हा त्याच्या पुस्तकाशी बसून मी शिकले. म्हणून गोळ्या माझ्या ताब्यात आल्या. कमरेच्या पिशवीत तंबाखूच्या डबीशेजारी त्यांची पाकिटं असायची.

पहिल्याच मंगळवारी आक्का म्हणाल्या, "आज उपास हाय गं. औषिध पोटात गेलं तर उपास मोडला की."

मलाही ते पटलं. शिवाय रिकाम्या पोटी गोळी घेतली तर आत जाळ होईल, असं मला वाटलं. म्हणाले, "उद्या घ्या मग आक्का. एक दिवस न्हाय घेतली तर काय हुतंय?"

एक दिवस. मंगळवारचा एक, शुक्रवारचा एक, चतुर्थीचा एक.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या येळवशीच्या आधी आठ दिवस आक्का थकल्या-थकल्या म्हणत होत्या. पीठ मळताना दम लागायचा. "दोन फऱ्यांच्या मधी कुणी दगड ठेवल्यागत वाटतंय," म्हणायच्या. मी पाठीला तेल लावून दिलं. छातीत दुखतंय असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. छातीत दुखलं असतं तर कदाचित आम्ही घाबरलो असतो. पाठ, मान, दम, याला बाईच्या बाबतीत कोण घाबरतं? ते तर कामाचंच समजायचं.

सकाळी बिंदगी डोक्यावर ठेवताना मी चुंबळ नीट केली. अमावस्या, उपास, म्हणून गोळी पिशवीतच ठेवली. मागं बायका, पुढं आक्का. जुन्या गावठाणातल्या आडापाशी त्या थांबल्या.

"धाकटे, जबडा ठणकतोय गं."

"थंडीचं वारं लागलं असंल. पदर घ्या कानावरनं," मी म्हणाले.

रानात पोचलो. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याच्या पानांवर दव, बोरीवर पोरं चढलेली. काय देखणा दिवस होता, सांगू नये. आक्का कोपीच्या तोंडाशी बसल्या. पौषाच्या तोंडची थंडी आणि त्यांच्या ओठावर घाम. मी पाणी देऊ केलं. मानेनंच नको म्हणाल्या. नैवेद्य व्हायचा होता. नैवेद्य झाल्यावर त्यांना पहिला गडवा आंबिलाचा दिला. गटागटा प्याल्या, मोठा ढेकर दिला. कुणीतरी म्हणालं, "गेलं बघा पित्त!" आणि सगळे हसले. आक्का पण हसल्या. मग "जरा पडते" म्हणून कोपीत आडव्या झाल्या. आम्ही जेवत राहिलो. मी भज्जी दोनदा घेतली. हे मला विसरता येत नाही, की मी दोनदा घेतली.

उठवायला गेले तेव्हा त्यांचा रंग चुन्यानं रंगवलेल्या त्या दगडांसारखा झाला होता. जीपमध्ये घातलं, सोलापूरला न्यायचं म्हणून. नळदुर्गच्या अलीकडं रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली. एका ढाब्यावर गाणी चालू होती. आक्कांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांनी माझा पदर मुठीत धरलेला. रांग हलली तेव्हा ती मूठ सुटलेली होती.

तरीही नेलं दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरनं बळीरामला विचारलं, "गोळ्या नियमित चालू होत्या?"

"व्हत्या," बळीराम म्हणाला. त्याला तेच ठाऊक होतं. मी शेजारी उभी होते. पिशवी कमरेला होती. मी तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर मोरीत जाऊन ती पाकिटं बघितली. मधेमधे न फोडलेल्या गोळ्या, शेतात पाखरांनी उगवण खाल्ल्यावर ताटं राहतात तशा विरळ, एक इथं एक तिथं. बोटानं चाचपल्या. जमिनीत खड्डा करून पुरल्या. आणि त्याच्यावर नऊ वर्षं काढली.

नंतर मलाही बीपी निघालं. आता त्या रुग्णालयात एक डॉक्टरीण बाई आहेत, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांना मी विचारलं, "बाई, जल्मभर राबताना काय झालं न्हाय. पाळी गेल्यावरच हे सगळं का?"

त्या म्हणाल्या, "मावशी, पाळी असते तोवर अंगात एक रस तयार होत असतो. तो रक्ताच्या नळ्यांना मऊ ठेवतो, सांभाळतो. पाळी गेली की तो आटतो. नळ्या कडक व्हायला लागतात, आतनं थर धरतात. तेव्हाच खरं जास्त चालायला पाहिजे आणि मीठ-तेल कमी करून पालेभाजी, डाळी वाढवायला पाहिजेत. आणि तुम्ही नेमक्या तेव्हाच बसता."

मला आमच्या रानातली ठिबकची नळी आठवली. नवीन असते तेव्हा बोटाभोवती गुंडाळून घ्या. तीन-चार उन्हाळे गेले की तीच वाकवली तर तडकते. आत क्षाराचा पांढरा थर, पाणी थेंबाला महाग. आणि जी नळी वापरात नसते, नुसती बांधावर पडून असते, ती सगळ्यात आधी जाते. आक्का बाजेवर पडून होत्या.

बाईंनी ताटात काय असावं ते बोटांवर मोजून सांगितलं. तुरीचे ओले दाणे, वाल, पावटा, हरभऱ्याचा पाला, गाजर, पालक, तीळ, बाजरी, ताक. ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांना पाणी आलं. बाई घाबरल्या. "काय झालं मावशी?" आता काय सांगू त्यांना? ते येळवशीचं ताट होतं. रानात जे जे उगवतं ते सगळं एका पातेल्यात घालून आम्ही त्याची भज्जी करतो. वर्षातनं एक दिवस, देवासाठी. बाकीचे सगळे दिवस ठेचा.

तेव्हापासनं मी चालते. पहाटे टाकीपासनं जुन्या गावठाणापर्यंत आणि परत. सुरुवातीला बायका मोरीतनं माना काढून बघायच्या. "कुठं निघालीस गं म्हातारे?" "कुठंच न्हाय." "अगं बया, रिकामीच चालतीया!" बाईनं कुठंतरी जायला चालावं, डोक्यावर काहीतरी घेऊन चालावं. नुसतं चालणं म्हणजे डोकं फिरल्याचं लक्षण. शेवटी मी सांगून टाकलं, तुळजापूरच्या आईला नवस बोललेय, रोज चालेन म्हणून. त्या दिवसापासनं तोंडं बंद. उलट हात जोडतात.

माझ्याबरोबर रजियाबी असते, मागच्या गल्लीतली. तिलाही बीपी. तिला एकटीला मी आक्कांच्या गोळ्यांचं सांगितलं होतं, आडापाशी बसून. ती म्हणाली, "रमजानमधी म्या आधी डॉक्टरला इचारलं. तिनं गोळीचा टाइम बदलून दिला. पहाटं सहेरीला घे म्हणाली. अल्लाला चाललं. तुमची देवी काय आमच्यापरीस कडक हाय व्हय?" मी हसले, रडले. मग तिनं दुसरं विचारलं, "बळीरामला सांगितलंस?"

"न्हाय."

"मग नुसतं चालून काय उपेग?"

आता सुनीता सत्तेचाळीसची आहे. या वर्षी तिची पाळी थांबली. गेल्या उन्हाळ्यात तिला सून आली आणि ओसरीवर बाज आली. बघा, तीच जागा, भिंतीला लागून, पट्टी तेवढी यंदा निळी. श्रावणात यंत्र लावलं तर तिलाही बीपी. ती लिहिती-वाचती आहे, गोळ्या तिच्या स्वतःच्या डब्यात असतात. पण मंगळवारची तशीच असते, हे मी डबा उघडून बघितलंय. चालायला चल म्हटलं तर म्हणते, "घरात काय कमी चालते व्हय काकी?" बिंदगीचा मान थोरल्या घराचा. आक्कांनंतर सुनीता विटाळातली म्हणून आठ वर्षं मी उचलली, पाणी पिऊन, आणि बीपी निघाल्यापासनं गोळीही घेऊन, कुणाला न सांगता. यंदा मान तिच्याकडं गेला.

आज सकाळी ती अंगणात चुंबळ वळत होती. मी तांब्या आणि गोळी घेऊन गेले.

"घे आधी."

"आज? काकी, बिंदगी उचलायचीय मला."

"घेऊन उचल."

"पाणी कसं पिऊ? अन् एक दिवस न्हाय घेतली तर काय हुतंय?"

माझं वाक्य. जसंच्या तसं, माझ्याच सुरात. बहुतेक नऊ वर्षांपूर्वी तिनं ते चुलीपाशी बसून ऐकलं असेल.

बळीराम मोटारसायकलला पोळ्यांची दुरडी बांधत होता. मी त्याला हाक मारली. दोघांच्यादेखत सांगितलं. "तुझी आई गोळ्या घेत व्हती म्हणून तू डॉक्टरला सांगितलंस. उपासाच्या दिवशी घेत नव्हती. म्याच देत नव्हते. त्या दिवसाचीबी माझ्या पिशवीत व्हती."

दोरी त्याच्या हातात तशीच राहिली. त्यानं विचारलं, "नऊ वर्षं ठावं हाय तुमाला?"

"व्हय."

"नऊ वर्षं माझ्या आईच्या श्राद्धाला सैपाक केलात तुमी. तुमच्या हातचं जेवलो मी."

मी उभी होते. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं दुरडीची गाठ मारली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "काकी, आज तुमी रानात येऊ नका."

सुनीतानं माझ्या तळहातावरची गोळी उचलली. "घेते," म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. एवढ्यासाठीच तर तोंड उघडलं होतं.

म्हणून मी घरी आहे.

*

वरचं लिहिलं तेव्हा दुपार होती. आता दिवेलागण झालीय. रानातनं माणसं परत आली. मी ओसरीवरनं टाकीच्या दिशेनं बघत होते. एकेक डोकं दिसायला लागलं की मी उठून बघायचे. सुनीता दिसेना. बळीरामची गाडी आली, माझ्यासमोरनं गेली, त्यानं मान वळवली नाही. मग बायकांच्या घोळक्यात रिकामी बिंदगी दिसली, तिच्याखाली सुनीता. पाय ओढत, पण चालत येत होती.

तिनं बिंदगी माझ्या ओसरीवर पालथी घातली. आक्का गेल्यापासनं ती माझ्याकडंच ठेवलेली असते. वर चुंबळ ठेवली. पलीकडं वळून आत गेली. भिंतीपलीकडं बाज करकरली.

चुंबळ धुऊन ठेवायची म्हणून मी तिचा पीळ उलगडला. जुनं लुगड्याचं धडपं ते. शेवटच्या वळकटीतनं काहीतरी टप्‌ करून फरशीवर पडलं. पांढरी गोळी. डोक्याच्या घामानं एक बाजू जराशी विरघळलेली.

गोळी उचलली, तांब्या भरला आणि शेजारच्या दारात जाऊन उभी राहिले. बळीराम आत पाठमोरा, दुरडी रिकामी करत होता. सुनीता बाजेवर उठून बसली. माझ्या हातात काय आहे ते बघून तिनं नजर खाली घातली.

"उपास सुटला न्हवं?"

"सुटला."

"मग आ कर."

"मी काय ल्हान हाय व्हय काकी?"

"आ कर, सुने."

बळीराम वळला नाही, पण त्याचे हात थांबले होते. सुनीतानं तोंड उघडलं. पाणी प्याली. तिचा गळा हललेला बघितला आणि मगच मी पायरी उतरले.

उद्या मंगळवार आहे.